सर्व्हरचे अपडेट : आधी ऐब वाचा, मग माल उचला

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पेढ्यांवर लाल चोपड्यांची जागा आता सर्व्हरने घेतली आहे. ताग्यांचा स्टॉक, उधारीचे खाते, ई-वे बिल, जीएसटीचे रिटर्न हा सारा हिशेब त्या एका पेटीत असतो. ही पेटी ज्या मूळ प्रोग्रामवर चालते त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या व्यापारात बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज सर्व्हर आढळते. कंपनी तिची दुरुस्ती दर महिन्याला पाठवते, तेच अपडेट होय. ते बसविताना काय बिघडू शकते आणि कोणती खबरदारी घ्यावी, हे आम्ही येथे सांगत आहोत.

बाजारात याविषयी दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, चालत्या यंत्राला हात लावू नये, अपडेट बंदच ठेवावे. काही म्हणतात, सगळे आपोआप होऊ द्यावे, आपण कशाला डोके घालावे? आमच्या मते दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

अपडेट न केल्यास

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाच्या फाइली उघडण्याची जी सोय विंडोजमध्ये आहे, तिच्यात एक छिद्र सापडले होते. कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी ते बुजविणारे अपडेट दिले. सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच छिद्रातून जगभर पसरला. फाइलींना कुलूप लावून तो ३०० डॉलर मागत असे. ब्रिटनची सरकारी रुग्णालयेही त्यात सापडली. २७ जून २०१७ रोजी दुसरा व्हायरस आला. त्यानेही या छिद्राचा उपयोग केला. मर्स्क कंपनीचे काम ठप्प झाले आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलवरही कंटेनर अडकले. निर्यातदारांनी याचा विचार करावा.

आंधळेपणाने केल्यास

आता दुसरी बाजू पाहू. ११ जानेवारी २०२२ चे अपडेट बसविल्यावर अनेक ठिकाणी सर्व्हर पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होऊ लागले. ज्या सर्व्हरवर सगळ्यांची नावे व पासवर्ड तपासले जातात, त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. पेढीच्या दारावरचा दरबानच तो. दरबान खाली बसला की आत कोणालाच जाता येत नाही. त्याच अपडेटने २०१२ आर२ या आवृत्तीवर आणखी एक अडचण केली. एका पेटीत दोन-तीन आभासी संगणक चालविण्याची हायपर-व्ही नावाची सोय काही यंत्रांवर सुरूच होईना. रेफस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या काही बाहेरच्या डिस्क तर कोऱ्या दिसू लागल्या. माल आत शाबूत होता, पण घाबरून कोणी ‘फॉरमॅट’चे बटण दाबले तर तो गेलाच. कंपनीने १७ जानेवारीला, म्हणजे सहा दिवसांनी, दुरुस्ती दिली.

मार्च २०२४ मध्येही असेच झाले. १२ तारखेच्या अपडेटनंतर डोमेन कंट्रोलरची मेमरी हळूहळू भरत जाई आणि सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होई. त्याची दुरुस्ती २२ मार्चपासून मिळू लागली.

छपाईचेही उदाहरण घ्या. १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्यास ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागू लागला. हा बिघाड नव्हता, मुद्दाम केलेला बंदोबस्त होता. पण ज्याला हे ठाऊक नाही त्याची चलने अडून राहणार.

ऐबांची यादी

मालात ऐब असेल तर तो सांगून विकावा, हा आपला जुना दस्तूर आहे. ताग्यात कोठे दोष आहे हे सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडून आपण निर्धास्त माल घेतो. कंपनीही प्रत्येक अपडेटबरोबर ‘माहीत असलेले दोष’ अशी यादी प्रसिद्ध करते. प्रत्येक अपडेटला केबी आणि सात आकडे असा नंबर असतो. त्या नंबरच्या पानावर दोष कोणता, तात्पुरता उपाय कोणता आणि कायमची दुरुस्ती झाली की नाही, हे लिहिलेले असते. पहिल्या दिवशी यादी कोरी दिसली म्हणजे माल निर्दोष, असे समजू नये. ग्राहकांच्या तक्रारी येतील तशी यादी भरत जाते. म्हणून ती दोनदा पाहावी : अपडेट आले त्या दिवशी, आणि बसविण्याच्या आदल्या दिवशी.

केव्हा बसवावे

नेहमीचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येते. हा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी ची २० आहे. म्हणजे कामाची गर्दी आणि अपडेट एकाच वेळी येतात. आमचा सल्ला असा की २० तारीख जाऊ द्यावी आणि नंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी काम करावे. वरील दोन्ही उदाहरणांत दुरुस्ती दहा दिवसांच्या आत आली होती, हेही ध्यानात घ्यावे. मात्र एखाद्या छिद्राचा फायदा चोर घेऊ लागले आहेत असे कंपनीने सांगितले, किंवा ठरलेला मंगळवार सोडून तातडीचे अपडेट काढले, तर थांबू नये.

कसे बसवावे

१) आधी पूर्ण सर्व्हरची आणि हिशेबाच्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ती उघडून पाहावी व डिस्क काढून ठेवावी. जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत सापडते.

२) सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आणि यूपीएसची बॅटरी तपासावी. अर्ध्यात वीज गेली तर यंत्र उठेलच याचा भरवसा नाही.

३) पडद्यावरचा आकडा एका जागी अडकलेला दिसला तरी घाईने बटण दाबून यंत्र बंद करू नये.

४) झाल्यावर दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करावे, हिशेबाची कंपनी उघडावी, एक बिल छापून पाहावे. मगच काम झाले म्हणावे.

५) अपडेट परत कसे काढायचे, हे देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला आधीच विचारून लिहून ठेवावे.

शेवटी जुन्या आवृत्तीबद्दल. २०१२ आणि २०१२ आर२ यांचे नेहमीचे अपडेट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ही ठरलेली आहे. अशा सर्व्हरच्या मालकांनी नव्या आवृत्तीच्या खर्चाची तजवीज करून ठेवावी. सर्व्हर पुन्हा विकत मिळतो, पण वीस वर्षांच्या उधारीचे खाते कोणत्याही दुकानात मिळत नाही.