घंटा वाजवायची नाही

1543 साली गोवा शहरात एक साथ आली. इथले लोक तिला मोडशी म्हणत. गास्पार कुरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने ते नाव कानाला लागलं तसं आपल्या ग्रंथात उतरवून ठेवलं आहे. पोटात कळ, ओकाऱ्या, हातापायांत पेटके आणि मृत्यू. शंभरांतले जेमतेम दहा वाचत. गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझाने एक प्रेत उघडून पाहायला लावलं. जठर आक्रसलेलं दिसलं, त्यापलीकडे वैद्यांच्या हाती काही लागलं नाही. दिवसाला बारा, पंधरा, वीस जणांना पुरायचं आणि प्रत्येकासाठी चर्चची घंटा, म्हणजे दिवसभर नाद थांबेचना. अखेर गव्हर्नरने हुकूम काढला की मेलेल्यांसाठी घंटा वाजवायची नाही, लोक घाबरतात.

या हुकुमापाशी मी किती वर्षं घुटमळतो आहे कोण जाणे. माझं मूळ कोकणातलं. पडत्या गावातली माणसं गावाबद्दल काय बोलतात आणि काय गिळतात, हे ऐकतच आम्ही वाढलो. ‘एके काळी आमच्या बंदराला गलबतं लागायची’ या वाक्याने आमच्याकडे कुठलंही भाषण सुरू होतं, आणि सहसा एके काळीच संपतं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. अख्ख्या महाराष्ट्रात मुंबई शहर सोडलं तर माणसं घटलेले हे दोनच जिल्हे. हे आकडे मी गावच्या एखाद्या सत्कारात उच्चारले असते तर पुढच्या वर्षी पत्रिका आली नसती. परक्याने म्हटलं तर तो कुजकट, घरच्याने म्हटलं तर तो घरभेदी. मग बोलायचं कुणी? या प्रश्नाचं सर्वांत मोठं, तीनशे वर्षं चाललेलं उदाहरण आमच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर उभं आहे, म्हणून मी जुन्या गोव्याकडे वळलो.

सुवर्णगोव्याची कथा वाचकांना ठाऊक आहे. 1510 साली आल्बुकेर्कने आदिलशहाकडून शहर घेतलं, मांडवीच्या काठी जहाजं लागली, घोडे, मसाले, रेशीम, जवाहीर यांचा बाजार भरला. 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आलं. ज्याने गोवा पाहिलं त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी म्हण पडली. लोकसंख्या दोन लाख असल्याचं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. तो आकडा मला फुगवलेला वाटतो, पण शहर मोठं होतं यात शंका नाही.

आणि ते आजारी होतं. मांडवीचा दमट काठ, सच्छिद्र जांभा, त्यात खोदलेले शौचखड्डे आणि शेजारीच विहिरी. जांभ्यातून काय कुठे झिरपतं हे कोकणात घर बांधणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. ज्यांना परवडे ते पिण्याचं पाणी विकत घेत. ते शहराबाहेरच्या बायंगिणीच्या झऱ्यावरून घड्यांतून यायचं आणि गुलाम ते रस्तोरस्ती विकायचे. बाकीच्यांना विहीर होतीच. जगातलं उत्तम इस्पितळ म्हणून पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने ज्याची तोंड भरून स्तुती केली, त्या राजेशाही इस्पितळात 1604 ते 1634 या तीस वर्षांत पंचवीस हजार पोर्तुगीज शिपाई मेले. यांतले बरेच लढाईत तलवार उपसण्याआधीच गेले. तिकडे डच आरमाराने व्यापाराची नाडी आवळली होती आणि मांडवी गाळाने भरत चालली होती.

ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या 1641 आणि 1648 साली गोव्यात आला. पहिल्या खेपेला ज्यांना त्याने वर्षाला दोन हजार एक्यूंचं उत्पन्न असलेले गृहस्थ म्हणून पाहिलं, त्यांतलेच काही दुसऱ्या खेपेला संध्याकाळी गुपचूप त्याच्याकडे मदत मागायला आले. ऐट मात्र तसूभर कमी नव्हती. बायका तर पालखीतून यायच्या, पालखी दारात थांबायची आणि बरोबरचा पोरगा आत येऊन बाईंचा नमस्कार सांगायचा. आपण द्यायचं ते पोराच्या हाती द्यायचं. ताव्हेर्निये थोडा वात्रट होता. चेहरा पाहायचा असेल तर स्वतः नेऊन द्यावं, असंही तो सुचवतो. सात वर्षांत भीक मागायची वेळ आली, तरी पालखी सुटली नाही. पुढची दोनशे वर्षं अख्खं शहरच असं पालखीत बसून राहिलं.

आता मुख्य भांडणाकडे येतो. 1683च्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरला फोंड्यातून पिटाळलं आणि 24 तारखेच्या रात्री मराठ्यांनी शहरासमोरचं जुवे बेट घेतलं. व्हाइसरॉय ते सोडवायला धावला आणि जखमी होऊन कसाबसा परतला. त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हवाली केला, हा प्रसंग आपल्या इतिहासकारांनी चवीने सांगितला आहे. मोगल फौज कोकणात उतरली म्हणून मराठे मागे गेले, गोवा वाचलं आणि गोष्ट तिथे संपते. मला त्यानंतरच्या पानांत रस आहे. मराठे परतताच, 1684च्या सुरुवातीला, याच आल्व्होरने राजधानी मुरगावला हलवण्याचा विषय सल्लागार मंडळापुढे ठेवला. मुरगावचं भूशिर उंच, समुद्र खोल, हवा मोकळी, बचावाला सोयीचं. युक्तिवाद बिनतोड होता. शहर राखता येत नाही आणि शहरात जगता येत नाही, ही गोष्ट शत्रूच्या कृपेने शेवटी सरकारी तोंडून निघाली.

या मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं छापील मिळतात, याचं श्रेय आपल्या एका माणसाचं आहे. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर हे सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचे, जन्म 1894 चा. त्यांनी गोव्याचा दफ्तरखाना आयुष्यभर सांभाळला आणि 1618 ते 1750 या काळातले मंडळाचे ठराव पाच खंडांत 1953 ते 1957 या वर्षांत पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केले. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो पोर्तुगीज-मराठे संबंधांसाठी. माझ्या मते एका शहराच्या चालढकलीचं इतकं सविस्तर दप्तर दुसऱ्या कुणी आपल्यासाठी खुलं केलेलं नाही.

चालढकल तरी किती! 1685 साली मुरगावला काम सुरू झालं आणि थोड्याच काळात रेंगाळलं. गोव्यात ज्यांचे वाडे, मठ, भाडी आणि मानाच्या जागा होत्या त्यांना हलायचं नव्हतं. त्यात नवल नाही, घर सोडून जाण्याचा ठराव घरमालक करत नसतात. मग लिस्बनहून खडसावणारे हुकूम येऊ लागले: मुरगावला राहायला जा, जुन्या शहरातल्या सरकारी इमारती पाडा आणि त्यांचं सामान नव्या कामाला वापरा. व्हाइसरॉयांनी अर्धवट हुकूम पाळला. पाडकाम करायचं, जायचं मात्र नाही. मुरगावला एक राजवाडा उठला, इस्पितळ उठलं. 1703 साली कायतानु द मेलु इ काश्त्रु हा व्हाइसरॉय एकदाचा तिकडे राहायलाही गेला आणि लवकरच परतला. 1712 साली राजाने काम थांबवायला सांगितलं. अठ्ठावीस वर्षांच्या खटाटोपानंतर नवं शहर उभं राहिलं नव्हतं आणि जुन्याला आपल्याच माणसांनी हातोडे लावले होते. मराठ्यांनी जेवढं नुकसान केलं नाही तेवढं या योजनेने केलं, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

भांडण चालू असतानाच एक वेगळी गंमत घडत होती. 1695 साली व्हाइसरॉयने शहर न सोडता सोडलं. तो नदीकाठाने थोडं खाली पणेलीच्या वाड्यात राहायला गेला आणि समारंभापुरता शहरात येऊ लागला. 1759 साली त्याचा वारस आणखी खाली, पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात सरकला. राजधानी कागदावर मात्र तिथेच. पणजीला नवे गोवे हे नाव आणि राजधानीचा दर्जा मिळाला तो 1843च्या फर्मानाने. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं राज्यकर्ता एकीकडे आणि राजधानी भलतीकडे. तिच्यात वस्ती किती? 1775 साली सोळाशे माणसं. त्याच्या पुढच्याच वर्षी से कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला, तो आजतागायत परत बांधलेला नाही.

आणि याच सुमारास लिस्बनमध्ये राजाचा प्रधान पोंबाल याच्या मनात आलं की जुनं शहर पुन्हा वसवावं! 1755च्या भूकंपानंतर त्याने लिस्बन उभं केलं होतं, गोव्याची काय कथा? 1774 साली नव्या गव्हर्नरबरोबर सूचना आल्या. पैसा ओतला, मजूर जमवले. मजूर पटापट मरू लागले, कारण विहिरी त्याच होत्या. 1777च्या सुमारास काम सोडून दिलं. पैसा बुडाल्याचं लोक लिहितात. मजूर कुठल्या गावचे होते, किती होते, हे लिहायची कुणाला गरज वाटलेली मला दिसली नाही.

पुढचं भराभर सांगता येतं. 1835 साली धार्मिक संघ बरखास्त झाले आणि मठ ओस पडले. 1842 साली सेंट ऑगस्टिन चर्चचं छत खाली आलं, 1931 साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा कोसळला. त्याची घंटा 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. इन्क्विझिशनच्या वाड्याचा दगड पणजीच्या बांधकामात गेला, त्याचं मला मुळीच दुःख नाही.

मग मोकळेपणाने बोललं कोण? परके बोलले, आणि भरपूर बोलले. रिचर्ड बर्टन 1847 साली आजारपणाच्या रजेवर आला आणि 1851च्या पुस्तकात त्याने पडक्या भिंतींबरोबर गोव्याच्या माणसांचीही यथेच्छ टवाळी केली. त्याची निरीक्षणं तीक्ष्ण आहेत, पण तो खोटं न बोलताही अप्रामाणिक वाटतो. पडलेलं घर पाहून हा माणूस खूश होतो आहे, हे प्रत्येक पानावर कळतं. त्याच्या आधीचा फ्रेंच आबे कोतिनो द क्लोगेन बरा. 1827 साली तो गल्लीगल्लीत फिरला, काय उभं आहे नि काय पडलं आहे ते त्याने शांतपणे लिहिलं. पुस्तक 1831 साली मद्रासला निघालं.

घरच्यांपैकी बोलला तो जुझे निकोलाव द फोन्सेका. त्याचं इंग्रजी पुस्तक 1878 साली मुंबईत थॅकर कंपनीने छापलं. गोवा शहराचा हा ऐतिहासिक आणि पुरातत्त्वीय आलेख. फोन्सेका इमारतीमागून इमारत घेतो. कुणी बांधली, कधी, खर्च काय, आत काय होतं आणि आता तिथे काय उरलं आहे. ‘आता काही नाही’ हे सांगताना तो उसासे टाकत नाही आणि दात विचकत नाही. वैभवाच्या वर्णनाला जेवढी जागा, साथींना आणि पडझडीला तेवढीच. गावाबद्दल असं लिहिता यावं म्हणून मी त्याची पानं पुन्हा पुन्हा वाचली आहेत.

पण त्याचा मोकळेपणा मुंबईचा होता हे विसरून चालणार नाही. पुस्तक इंग्रजीत लिहिलं, ब्रिटिश छापखान्यातून काढलं, आणि त्याचा मजकूर पुढे ब्रिटिश गॅझेटियरांनी हक्काने वापरला. पोर्तुगीजांचं कसं मातेरं झालं हे वाचायला त्या वाचकांना आवडणारच होतं. शहर सोडून गेलेल्या समाजातला माणूस, दुसऱ्याच साम्राज्याच्या बाजारात उभा राहून, आपल्या शहराबद्दल खरं बोलतो आहे. यात त्याचा दोष मला दिसत नाही. चाकरमान्यांनाही गावाबद्दल खरं बोलायला परळ-लालबागची खोलीच लागायची.

आज युनेस्कोचा वारसा (1986), दर दहा वर्षांनी झेवियरच्या शवदर्शनाची गर्दी, रांगेने लागलेल्या बसगाड्या आणि कारभार ग्रामपंचायतीचा. 2021 साली संरक्षित पट्ट्यातल्या एका बंगल्याच्या बांधकामावरून रहिवासी रस्त्यावर आले, ती बातमी सगळीकडे गेली. दुसरं भांडण अधिक जुनं आहे आणि बाहेर त्याची फारशी वाच्यता नाही. पणजी शहराला कचरा प्रक्रियेसाठी जागा हवी होती. जुन्या गोव्याचा दगड ज्या पणजीला गेला, राजधानी गेली, घंटा गेली, त्या पणजीने त्यासाठी शेजारची बायंगिणी निवडली. शहराला प्यायला पाणी पुरवणारा झरा जिथे होता, तीच बायंगिणी. जुन्या गोव्याचे लोक वर्षानुवर्षं त्याविरुद्ध मोर्चे काढत आहेत, ग्रामसभांत ओरडत आहेत, पाहुण्यांपुढे गावाची लाज वगैरे काही न बाळगता.