बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं

इराकमध्ये बसऱ्याहून नासिरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिल्या महायुद्धाचं एक मोठं स्मारक आहे. 1914 ते 1921 या काळात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत जे मेले आणि ज्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच सांगता आलं नाही, अशा 40 हजारांहून अधिक सैनिकांचं हे स्मारक. 1929 मध्ये ते नदीकाठच्या गोदीत उभारलं गेलं आणि 1997 मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने तिथून हलवून बत्तीसेक किलोमीटरवर नेऊन पुन्हा बांधलं गेलं. या मृतांत सर्वाधिक संख्या हिंदुस्थानातून गेलेल्यांची होती. तरी भिंतीवर नावं कोरली गेली ती ब्रिटिश सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके’ असा नुसता आकडा आला. त्यांची नावं वेगळ्या नोंदवहीत गेली. त्या आकड्यांत मराठी माणसं आहेत. डिसेंबर 1915 मध्ये कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला. त्यात अडकलेल्या सैन्याचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं आणि 103, 110 व 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. जवळपास पाच महिन्यांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, सुमारे 13 हजार जणांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यातले कित्येक पुढच्या पायपिटीत, उपासमारीत आणि कैदेतल्या रेल्वेमार्गाच्या कामावर संपले. आकड्यात विरघळलेल्या या माणसांना पुन्हा नावानिशी आणि नात्यानिशी उभं करणं शक्य आहे. ते काम मुख्यतः त्यांच्या कुटुंबांनाच करावं लागेल आणि त्याचं एक मोलाचं साधन बसऱ्यात किंवा लंडनमध्ये नसून त्र्यंबकेश्वरात, तीर्थपुरोहितांच्या घरांत आहे.

ही नावं का गाळली गेली, हे आधी समजून घेतलं पाहिजे. महायुद्धातल्या मृतांची स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं मूळ तत्त्व फार उदात्त होतं: हुद्दा, वर्ण, धर्म न पाहता प्रत्येकाला समान मान आणि प्रत्येकाचं नाव. एप्रिल 2021 मध्ये याच संस्थेने नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि हे तत्त्व युरोपाबाहेर पाळलं गेलं नाही, हे संस्थेने जाहीरपणे मान्य केलं. आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या 45 ते 54 हजार मृतांचं स्मरण दुय्यम प्रकारे झालं; किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावनिशी कुठेच लागली नाही. यामागे युद्धकाळातली नोंदींची हेळसांड होती, पण केवळ तेवढंच नव्हतं. वसाहतींतल्या माणसांना एकेकट्या कबरीचं, एकेका नावाचं अप्रूप नसतं, असं कारण त्या काळच्या अधिकाऱ्यांनी कागदोपत्री नोंदवलेलं आहे. हा समज आपल्यापुरता किती खोटा होता, याचा पुरावा हवा असेल तर त्र्यंबकला जावं.

नाशिकहून अठ्ठावीस किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात कुशावर्तावर स्नानाला आणि पितरांच्या कार्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसं येत आली आहेत. आलेल्या यजमानाला पुरोहित पहिल्यांदा विचारतात ते आडनाव आणि मूळ गाव. पुरोहित घराण्यांनी प्रदेश आणि गावं वाटून घेतलेली असतात, त्यामुळे अमुक तालुक्याचा यजमान कुणाकडचा हे ठरलेलं असतं. मग नामावळीची वही निघते. गावाचं पान, त्यात आडनाव, त्याखाली आजवर येऊन गेलेल्यांची ओळ: कोण आलं, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, भाऊ किती, मुलं कोणती, बरोबर कोण होतं, कोणत्या साली आले. जुनी पानं मोडी लिपीत, नंतरची बाळबोधीत. खाली आलेल्याची सही. नवा यजमान आपल्या पिढीतली जन्मलेली मुलं सांगतो, ती त्याच ओळीला जोडली जातात. श्राद्धाला बसल्यावर पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावं गोत्रासह उच्चारावी लागतात; नाव माहीत नसेल तर कार्य अडतं, म्हणून ही वही. ज्या समाजाने नावाची इतकी निगराणी केली, त्याला नावाची पर्वा नाही असं म्हणणाऱ्यांनी तो समाज पाहिलाच नव्हता.

लढाईत पडलेल्यांची तर या परंपरेने वेगळी दखल घेतली आहे. पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या रकान्यात पंचांगं ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापतात. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी तो दिवस राखलेला आहे. मृत्यूची तिथी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. परदेशी गेलेला माणूस वर्षानुवर्षं परतला नाही, त्याची काही खबर नाही, तर किती काळ वाट पाहायची याचाही विचार धर्मशास्त्राने केला. बारा वर्षांची मुदत त्यात नेहमी सांगितली जाते. त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. ज्या नारायणबळीसाठी त्र्यंबकेश्वर महाराष्ट्रभर ओळखलं जातं, तोही अपमृत्यूने गेलेल्यांसाठीच सांगितलेला विधी आहे. विधीचं फळ मिळतं की नाही, यावर ज्याचं त्याचं मत वेगळं असू शकतं. पण देह सापडला नाही म्हणून माणूस आठवणीतून पुसायचा नाही, ही त्यामागची भूमिका नास्तिकालाही मान्य होण्यासारखी आहे. मेसोपोटेमियात हरवलेला शिपाई या चौकटीत अगदी नेमका बसतो.

तरीही एकटी वही पुरेशी नाही. ‘अमुक लढाईत पडला’ असं तिच्यात लिहिलेलं सापडेल, ही अपेक्षा धरू नये. ती नातं सांगते, रणांगण सांगत नाही. उलट सैन्याची नोंद पलटण, क्रमांक, हुद्दा आणि मृत्यूची तारीख सांगते, पण माणूस कोणत्या घरातला हे तिला धडपणे सांगता येत नाही. कमिशनच्या यादीत कित्येक हिंदी सैनिकांपुढे वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, पण इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेला. 1945 मध्ये इटलीत सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव हे शौर्यपदकाचे मानकरी, तरी इंग्रजी कागदांत त्यांचं आडनाव कुठे ‘जादव’ आहे तर कुठे ‘जाधाव’. मग साध्या शिपायाच्या नावाचं काय झालं असेल, याची कल्पना करावी. जिल्हेही तेव्हाचे: आजचा रायगड तिथे कुलाबा आहे, सिंधुदुर्गातलं गाव रत्नागिरीत सापडतं, सांगलीकडची बरीच गावं साताऱ्यात. एकाच पलटणीत एकाच नावाचे चारचार शिंदे निघतात. त्यांतला आपला कोणता, हे ठरतं बापाच्या आणि आज्याच्या नावावरून, आणि ती साखळी नामावळीत असते. म्हणजे एकाच माणसाची अर्धी ओळख सैन्याकडे राहिली आणि अर्धी तीर्थावर. दोन्ही अर्ध्या शेजारी मांडल्याशिवाय माणूस पुरा होत नाही.

शोधाची सुरुवात मात्र घरातूनच व्हावी. देवघराच्या फडताळात, पत्र्याच्या पेटीत एखादं मेडल असेल तर आधी त्याची कड पाहावी. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंगाखाली तिरपं धरलं की ती वाचता येते. शिपायांची मेडलं चांदीची होती, म्हणून अडचणीच्या काळात कित्येक सोनाराच्या मुशीत गेली. सैन्याबरोबरच्या भिश्ती, स्वयंपाकी, हमाल अशा माणसांना तेच मेडल कांस्याचं मिळालं. मेडल नसेल तर पेन्शनचा कागद, नाव कमी झाल्याचा दाखला, एखादा फोटो. पलटण कळली की पुढची दारं उघडतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. कमिशनची यादी संकेतस्थळावर फुकट पाहता येते, फक्त नावाची पाचसहा वेगवेगळी रूपं घालून पाहण्याची चिकाटी हवी. मृत्यूची तारीख मिळाली की लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या त्या पलटणीच्या युद्धदैनंदिनीत त्या दिवशी काय घडलं तेही सापडू शकतं. जो जिवंत परतला त्याचं नाव मृतांच्या यादीत अर्थातच नसतं. त्याच्यासाठी घरचे कागद, गावचं दप्तर आणि नामावळी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही माणसं इंग्रजांसाठी, पगारासाठी लढली. त्यांना आठवायचं कशाला? पगाराची गोष्ट खरी आहे. पहिल्या महायुद्धात शिपायाला महिना अकरा रुपये मिळत, आणि दुष्काळी मुलखातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ते अकरा रुपये फार मोठे होते. पण सैन्यात जावं की नाही, या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच्या पुढाऱ्यांकडेही एक नव्हतं. खुद्द गांधीजी 1918 मध्ये सैन्यभरतीसाठी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यातले अधिकारी जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेत गेले, आणि फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत बंड केलं ते ब्रिटिश सरकारच्याच नाविकांनी. पुढाऱ्यांना जे कोडं सुटलं नाही, त्याचं उत्तर साताऱ्याच्या किंवा निफाडच्या विशीतल्या पोराने बरोबर द्यायला हवं होतं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिवाय आठवण म्हणजे गौरव नव्हे. कुणाच्या घरातला कोण, कुठे, कुणाच्या हुकमाने आणि किती मोबदल्यात मेला, हे नीट लिहून ठेवलं तर साम्राज्याचा हिशेब अधिक स्पष्ट होतो. विस्मरणाचा फायदा झालाच तर ज्यांनी त्यांना आकडा करून ठेवलं त्यांनाच होतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो टाळता येणार नाही. तीर्थाची वही सगळ्यांची नाही. ज्यांना तीर्थावर आणि देवळात मज्जाव होता, त्यांची नावं तिच्यात कशी असतील? 1930 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तो याच नाशिकमध्ये. महार समाजाची लष्करी परंपरा मोठी; सरकारने आधी त्यांची भरती बंद केली, मग महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली. 1941 मध्ये पुन्हा महार रेजिमेंट निघाली. या शिपायांवर दुहेरी अन्याय झाला: सैन्याने वापरून टाकलं आणि तीर्थाने नोंदवलं नाही. त्यांच्यासाठी पेन्शनची कागदपत्रं, शाळेचे दाखले, वस्तीतल्या वृद्धांच्या आठवणी हीच नामावळी आहे, आणि ती हाताळायला उशीर झाला तर दुसरी मिळणार नाही. वहीची मर्यादा मान्य करणं म्हणजे वही टाकून देणं नव्हे. जिथे ती गप्प आहे तिथे दुसरा साक्षीदार शोधणं होय. हाच नियम अचूकपणालाही लागू करावा. 1914 पूर्वीच्या नोंदीत भावांमध्ये असलेलं एक नाव युद्धानंतरच्या नोंदीत नसेल, तर तो लढाईत गेला असं लगेच मानू नये. तो प्लेगमध्ये किंवा 1918 च्या तापाच्या साथीतही गेला असू शकतो. बापाचं नाव, गाव आणि काळ या तिन्ही गोष्टी दोन स्वतंत्र कागदांवर जुळल्या, तरच नातं जोडावं. आपल्या घरात वीर हवा म्हणून दुसऱ्याच्या घरातला मेलेला उचलणं, हे त्याला विसरण्याहूनही वाईट.

एकट्यादुकट्याचा हा शोध सार्वजनिक कामही होऊ शकतो. पंजाबातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या सुमारे 3 लाख 20 हजार जणांच्या गावनिहाय नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा मंडळाने आणि ग्रिनिच विद्यापीठाने त्या इंटरनेटवर आणायला सुरुवात केली आणि परदेशी वाढलेल्या नातवंडांना पणजोबांचं गाव-नाव सापडू लागलं. आपल्याकडे साताऱ्याचं अपशिंगे गाव पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या 46 जणांमुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं, आणि इतर अनेक गावांत ‘या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके मेले’ अशा संगमरवरी पाट्या आहेत. तिथेही पुन्हा आकडाच. त्या प्रत्येक पाटीखाली नावांची यादी लावणं एखाद्या ग्रामपंचायतीला आणि माध्यमिक शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकाला सहज जमण्यासारखं आहे. कुणबी नोंदींच्या शोधाच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे. हे कौशल्य दाखल्यांपुरतं संपू नये. 2027 मध्ये त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाचा मेळा भरेल, लाखो कुटुंबं येतील, हजारो वह्या उघडल्या जातील. पुरोहितांनी आपल्या वह्यांची मालकी आणि यजमानांचा खासगीपणा सांभाळून त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात, सरकारने त्यासाठी मदत द्यावी. आणि येणाऱ्याने, घरात कुणी लढाईवर गेला होता असं नुसतं ऐकून माहीत असलं तरी, जमेल तेवढा शोध आधी करून त्याचं नाव, पलटण आणि तारीख बरोबर घेऊन यावं आणि वहीत त्याच्या ओळीपुढे ते लिहून घ्यावं. बसऱ्याच्या भिंतीवर काय कोरायचं हे आपल्या हाती नव्हतं. आपल्या वंशावळीत काय लिहायचं हे पूर्णपणे आपल्या हाती आहे.