टेरिअरचं पिल्लू, उंदीर आणि ससे: आधी काय शिकवायचं?

एजवेअरहून तुमच्याशी बोलतोय. सोमवार ते शुक्रवार मी लोकांच्या संगणकांची दुखणी बघतो आणि रविवारी अलॉटमेंटवर मेथी-कोथिंबीर लावतो. अलॉटमेंट म्हणजे भाजी लावायला वर्षाच्या भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे तो आहे आणि जिथे तो आहे तिथे शेडखाली उंदीरही आहेत. आमच्याकडे बंड्या नावाचा टेरिअर आल्यापासून एकच प्रश्न वारंवार येतो: याला उंदीर-ससे पकडायला शिकवलं कसं? आज त्याबद्दल.

सुरुवातीलाच सांगतो, पकडायला फारसं शिकवावं लागत नाही. ते त्याच्या रक्तातच असतं. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन. जमिनीतल्या बिळात शिरणारा कुत्रा तो टेरिअर. एकोणिसाव्या शतकात डेव्हनमधल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्यानं जोपासलेली जात आज त्याच्याच नावानं ओळखली जाते. मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरिअरसुद्धा एके काळी कापड गिरण्यांमधले उंदीर मारायचा. आपल्या सांगली-सोलापूरकडचा कारवानी किंवा सीमेपलीकडचा मुधोळ कुत्रा नजरेनं सावज हेरतो आणि पळून गाठतो. टेरिअर नाकानं शोधतो, कानानं टिपतो आणि मग उकरायला लागतो. ही बुद्धी घेऊनच तो जन्माला येतो. आपल्याला शिकवायचं असतं ते थांबायला, परत यायला आणि तोंडातलं सोडायला.

हे मला उशिरा कळलं. बंड्या सात महिन्यांचा असताना मी त्याला एजवेअरबरी लेनच्या बाजूला फिरायला नेलं आणि मोकळं सोडलं. झुडपातून ससा निघाला आणि हा त्याच्यामागे गेला. मी हाका मारतोय आणि त्याला काही ऐकू येत नाही. तिकडे पुढे ए-४१ चा रस्ता आहे, त्यापलीकडे एम-१. वीस मिनिटांनी तो मला रस्त्याच्या कडेला धापा टाकत उभा दिसला. गाड्या सुसाट चालल्या होत्या. त्या दिवशी घरी आल्यावर मी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. चाचणी न करता प्रणाली चालू करू नये, हे मी रोज लोकांना सांगतो आणि स्वतः मात्र तेच केलं होतं.

पहिला धडा शब्दांचा. घरात आजी ‘थांब’ म्हणते, मुलं ‘वेट’ म्हणतात आणि बाबा ‘ए, नको’ म्हणून ओरडतो. कुत्र्याला हे तीन वेगळे आवाज वाटतात. आम्ही चार शब्द ठरवले: ये, बस, थांब, सोड. घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. लांबून बोलावण्यासाठी शिट्टी, कारण आपला आवाज घाबरला की बदलतो, शिट्टीचा बदलत नाही. शिट्टी वाजली की चिकनचा तुकडा किंवा चीज, प्रत्येक वेळी. सुरुवात स्वयंपाकघरात, मग बागेत, मग मैदानात दहा मीटरची दोरी बांधून. शंभरातून शंभर वेळा येईपर्यंत दोरी सोडायची नाही.

दुसरा धडा थांबण्याचा. चेंडू टाका, पण लगेच धावू देऊ नका. ‘थांब’ म्हणा, मनात पाच मोजा, मग सोडा. हळूहळू चेंडूच्या जागी काठीला दोरीनं बांधलेलं फडकं आणा आणि ते उंदरासारखं जमिनीलगत पळवा. त्यानं पकडलं की ओढाओढी करू नका. खाऊ दाखवा आणि ‘सोड’ म्हणा. हिसकावून घेतलं, तर पुढे खरा उंदीर तोंडात आल्यावर तो तुमच्यापासून लांब पळेल.

तिसरा धडा ओळखीचा. मांजर, कोंबड्या, शेजाऱ्यांचा पाळीव ससा हे आपलं सावज नाही, हे पिल्लूपणीच, पट्ट्यात ठेवून शिकवायचं.

खऱ्या उंदरासमोर कधी आणायचं? घाई नको. पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात यायला सहा-सात महिने लागतात. उंदीर कोपऱ्यात सापडला की जोरात चावतो आणि पहिल्याच वेळी नाकाला चावा बसला तर काही पिल्लं कायमची बिचकतात. आम्ही बंड्या वर्षाचा होईपर्यंत थांबलो. पहिल्यांदा एका शेजाऱ्याचा जुना, अनुभवी कुत्रा सोबत होता. त्याचं बघून बंड्या जितकं शिकला, तितकं माझ्याकडून शिकला नाही.

काम असं चालतं. एकानं काठीनं फळी किंवा पॅलेट उचलायचं. दुसऱ्यानं कुत्र्याला पट्ट्यात धरायचं. उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो, तो बाहेर आला की सोडायचं. चांगला टेरिअर मानेला धरून एक झटका देतो आणि क्षणात काम होतं. कुत्रा मोकळा असताना फावडं किंवा काठी फिरवू नका, तो घाव उंदराऐवजी कुत्र्याला बसू शकतो. उंदीर जखमी राहिला तर त्याला तडफडत ठेवायचं नाही, ती जबाबदारी माणसाची. संपल्यावर हातमोजे घालून मेलेले उंदीर दुहेरी पिशवीत टाका आणि कुत्र्याचं तोंड, पंजे तपासा.

सशांचं काम वेगळं. टेरिअरनं काटेरी झुडपात शिरून ससा बाहेर काढायचा आणि बाहेर लावलेल्या जाळ्यात तो पकडायचा. सशाच्या बिळात कुत्र्याला शिरू देऊ नका. तो मुळांत अडकतो किंवा वरून माती ढासळते. बिळाच्या तोंडाशी उभं राहून ‘आत आहे’ एवढं त्यानं दाखवलं की पुरे.

आता कायदा, कारण इथे मराठी माणसाची गफलत होऊ शकते. २००४ चा हंटिंग ॲक्ट इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. कुत्रे लावून रानटी सस्तन प्राण्याची शिकार करणं हा त्यात गुन्हा आहे. उंदीर आणि ससे यांना सूट आहे, पण जमीन आपली हवी किंवा मालकाची परवानगी हवी. सार्वजनिक बागेत चालणार नाही. आता हा ‘ससा’ कोणता? मराठीत आपण रॅबिट आणि हेअर दोघांनाही ससाच म्हणतो. सूट आहे ती रॅबिटला. हेअरमागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे. रॅबिट लहानखुरा, बिळात राहणारा, कळपानं चरणारा. हेअर मोठा, लांब पायांचा, कानांची टोकं काळी आणि तो उघड्यावर बसतो. आपल्या माळरानावरचा ससा खरं तर हेअरच. तिकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची शिकार बंद आहे. कुत्र्याला हा फरक कळणार नाही, तो आपल्याला कळायला हवा आणि आपली शिट्टी त्याला कळायला हवी. रात्री बागेत येणारा कोल्हाही सूट नसलेल्यांतच येतो. बॅजरच्या बिळात कुत्रा घालणं हा तर १९९२ च्या वेगळ्या कायद्यानं गुन्हा आहे.

आणखी एक. ‘सरावासाठी’ पिंजऱ्यात उंदीर पकडून पिल्लासमोर सोडावा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पकडलेला प्राणी आपल्या ताब्यात आला की २००६ चा ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट त्याला लागू होतो. त्याला कुत्र्याशी झुंजवणं हा गुन्हा आहे आणि क्रूरपणाही.

तब्येतीचं बोलू. मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या पुरानंतरचा लेप्टो आठवत असेल. तोच लेप्टोस्पायरोसिस इथेही उंदरांच्या लघवीतून पसरतो, कुत्र्यांना आणि माणसांनाही. कुत्र्याला त्याची लस दर वर्षी द्यावी लागते, ती चुकवू नका. आपल्या हातावर जखम असेल तर पट्टी आणि हातमोजे हवेतच. दुसरा धोका विषाचा. उंदरांचं बरंचसं विष रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतं. विष खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तर त्यालाही बाधा होऊ शकते आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात: मरगळ, फिकट हिरड्या, रक्तस्राव. संशय आला की लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. यावर व्हिटॅमिन के-१ हा उपचार आहे. म्हणून जिथे विष ठेवलंय तिथे कुत्रा न्यायचा नाही. शेजाऱ्यांना आधी विचारा.

गेल्या भाद्रपदात आई पुण्याहून आली होती. तिनं बंड्याला काम करताना पाहिलं आणि म्हणाली, “अरे, घरात गणपती बसवायचा आणि बाहेर त्याच्या वाहनामागे कुत्रा लावायचा?” मी मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक, प्लेग, लेप्टो सगळं सांगितलं. विषानं काही दिवस मरत राहण्यापेक्षा एका झटक्यात सुटणं बरं, हेही म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण ते येतात कशाला?”

प्रश्न बरोबर होता. आमच्या कंपोस्टमध्ये उरलेला भात आणि पोळ्या जात होत्या. आता शिजवलेलं अन्न त्यात टाकत नाही. खाली बारीक जाळी ठोकली, शेडभोवतीचं गवत कापलं, पक्ष्यांचे दाणे रात्री उचलून ठेवतो. या वर्षी बंड्याला उंदरांसाठी दोनदाच न्यावं लागलं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी उंदरांचं जेवण बंद करा, मग कुत्र्याला थांबणं शिकवा आणि शिकार सगळ्यात शेवटी. परवा संध्याकाळी त्याच एजवेअरबरी लेनजवळ समोरून ससा गेला. रॅबिट की हेअर, मला नीट दिसलं नाही. मी शिट्टी वाजवली. बंड्या थरथरत होता, पण वळून माझ्याकडे आला. खिशातलं सगळं चीज त्याला दिलं.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.