पहिला पाऊस आणि पोटाचे विकार

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर व आसपासची गावे पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. अहिल्यानगर जिल्ह्याची वार्षिक सरासरी ६०० मिलिमीटरही भरत नाही. जेथे पाऊसच बेताचा, तेथे पावसाळी रोगांचे भय ते काय, असा समज पुष्कळांचा असतो. आमच्या मते तो घातक आहे. निवासी शाळांतील मुले सुटी संपवून परततात ती जूनच्या मध्यास. आणि अतिसार, हगवण, विषमज्वर यांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत नाजूक काळ नेमका तोच असतो.

या रोगांचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाणी, अन्न, माश्या व हात यांच्यामार्गे दुसऱ्याच्या तोंडी जातात. हवामान जंतू निर्माण करीत नाही. ते त्यांची वाट मोकळी करून देते. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. टँकरचे पाणी पिण्यासाठी राखले जाते आणि हात धुण्यास काही उरत नाही. हगवणीच्या शिगेला जंतूंपैकी शंभराच्या आत पोटात गेले तरी रोग होऊ शकतो. तेवढे तर न धुतलेल्या एका बोटावर मावतात. त्यात उष्म्याने अन्न नासते. अर्ध्या तासाला दुप्पट होणाऱ्या एका जंतूचे पाच तासांत हजार होतात. सकाळची आमटी संध्याकाळी वाढणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

मग पाऊस येतो. कित्येक महिने उघड्यावर साचलेली घाण पहिल्याच सरीने ओढ्यात आणि विहिरीत उतरते. आपल्याकडील खडक काळा बेसॉल्ट. वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, तसे येथे होत नाही. भेगांतून ते जसेच्या तसे खाली झिरपते. म्हणून बोअरचे नितळ पाणीही निर्धोक समजू नये. नळ दिवसाआड येत असेल, तर रिकाम्या जलवाहिनीत फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी शिरते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने अतिसाराची साथ पसरली आणि माणसे दगावली. शनिअमावास्येला शिंगणापुरात लोटणारी गर्दी पावसाळ्यात आली, तर एका दिवसात पाण्यावर व शौचालयांवर पडणारा ताण किती, हे सांगावयास नको.

हिवाळाही मोकळा नाही. लहान मुलांना पछाडणारा रोटाव्हायरस थंड, कोरड्या हवेत अधिक पसरतो. त्यावरील लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे.

भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. त्याचा मूळ हेतू सूक्ष्म जीवांची हिंसा टाळण्याचा. परंतु बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांना चिकटून राहतात, हे त्याचे कारण. विषाणू मात्र कापडातून सहज पार होतात. तेथे उकळणे किंवा क्लोरीन हाच उपाय.

गावाच्या उताराला कोणाची वस्ती असते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. वरच्या आळीची घाण पावसाबरोबर तिच्याच विहिरीत येते. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी निर्धोक असणे हाही त्याच हक्काचा भाग आहे, असे आम्ही मानतो. तेव्हा आपल्या वस्तीच्या विहिरीत टीसीएल पावडर कधी पडली, हे ग्रामपंचायतीस विचारण्यात संकोच नसावा.

हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर आणि एक तासाचा अवधी, हे साधारण प्रमाण आहे. गढूळ पाण्यात ती अधिक लागते, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. शिवाय ओलाव्याने व उष्णतेने पावडरीचा जोर ओसरतो. मागील वर्षीचे उघडे पोते जूनमध्ये कामाचे नाही. टाकी पहिल्या पावसाआधी घासून घ्यावी. जुलाब सुरू झालेल्या मुलास क्षारसंजीवनी लगेच द्यावी. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त आले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.