ओंडके फोडताना तेल का तापतं?

हायड्रॉलिक लॉग स्प्लिटरवाल्यांनो, तेलाचं तापमान कधी पाहिलंय? (हात लावून नको, भाजेल!) साधारण 82 अंश सेल्सिअसच्या वर सील कडक होऊ लागतात, तेल पातळ होऊन पंप झिजतो.

बरीचशी उष्णता आपल्या हट्टातून येते. गाठाळ ओंडक्यात पाचर अडकली तरी आपण लिव्हर दाबूनच धरतो. दट्ट्या जागचा हलत नाही, तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत परततं आणि इंजिनची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. मीही हे पुष्कळ केलंय. लिव्हर सोडा, ओंडका फिरवून लावा.

टाकीत तेल कमी असेल तर ते निवायच्या आतच पुन्हा पंपात शिरतं. म्हणून कूलरचा खर्च करण्याआधी पातळी बघा, आणि उष्णता बाहेर पडावी म्हणून टाकीवरचा भुसाही झाडा.