रत्नागिरीकराने शिडाची होडी कुठे शिकावी?

रत्नागिरीत शिडाची होडी शिकवली जाते, पण ती एनसीसीच्या छात्रांना. २ महाराष्ट्र नेव्हल युनिटचे छात्र व्हेलर बोटींवर वल्ही आणि शीड दोन्ही हाताळतात, किनाऱ्याने मोहिमाही काढतात. कॉलेज संपलेल्याला ती वाट बंद. मत्स्यव्यवसाय खात्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, पण तो मच्छीमार तरुणांसाठी आणि इंजिनाच्या बोटीचा. मिरकरवाड्यातल्या तांडेलाकडून समुद्र कळेल, शीड नाही. त्यामुळे नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्याला कोकण रेल्वेने मुंबई किंवा गोवा गाठावा लागतो. सुट्टी मोजकी आणि फी बरीच, म्हणून निवड आधी नीट करायला हवी.

पहिला प्रश्न होडीच्या आकाराचा. एकीकडे डिंगी: एक-दोन माणसांची, हलकी, चूक केली की लगेच कलंडणारी. दुसरीकडे केबिन असलेली मोठी यॉट, जिच्यावर चार-पाच जण राहू शकतात. प्रौढांना यॉट सोयीची वाटते, कारण भिजावं लागत नाही. माझं मत मात्र ठाम आहे, सुरुवात डिंगीवरच करावी. मोठ्या यॉटवर चूक लपते. कुणीतरी दोर ओढतो, कुणी सुकाणू सावरतो, आणि आपण केलं असं वाटतं. डिंगीत सुकाणू आणि शिडाचा दोर दोन्ही आपल्याच हातात असतात.

शिकायचं असतं ते मुख्यतः परत येणं. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका अंगाला, मग नाळ वाऱ्यातून वळवून दुसऱ्या अंगाला, असं नागमोडी चढावं लागतं. हे जमेपर्यंत वाऱ्याची दिशा हाच खरा धोका. आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. किनाऱ्यालगत पाणी तेव्हा शांत दिसतं, पण नवख्याला तोच वारा बाहेर ओढून नेतो. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात. ते जोरदार असले तरी किनाऱ्याकडे आणतात. चांगला शिक्षक हे पाहून वेळ ठरवतो, आणि सोबत यांत्रिक बचाव बोट ठेवतो. भरतीचा अदमास कोकणातला माणूस तिथीवरून काढतोच: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

आता संस्था. मुंबईत क्लबांची परंपरा जुनी. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. क्लबात शिकणं संथ, पण पुढे होडी आणि जोडीदार मिळतात. मात्र दर शनिवार-रविवारी रत्नागिरीहून जाणं किती जणांना झेपेल? आपल्यासाठी सलग काही दिवसांचा खासगी अभ्यासक्रम व्यवहार्य. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था सरकारी आहे, पण तिचा भर जीवरक्षक आणि यांत्रिक बोट चालवणाऱ्यांवर. शिडाचा वर्ग केव्हा आहे, हे विचारूनच जावं.

पुढे समुद्रप्रवासच करायचा असेल तर ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची पद्धत जगभर चालते. त्यातला ‘कॉम्पिटंट क्रू’ हा अभ्यासक्रम पाच दिवसांचा. त्यानंतरच्या ‘डे स्किपर’च्या प्रत्यक्ष वर्गाआधी समुद्रावरचे पाच दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे चार तास असावेत, अशी शिफारस आहे. ती गंभीरपणे घ्यावी. ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीही आधी ‘म्हादेई’ या तशाच नौकेवरून मॉरिशस आणि केपटाऊनपर्यंतचे मैल जमवले होते.

पोहणं आधी शिकून घ्यावं, लाइफ जॅकेट असलं तरी. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरावी आणि दोन टप्प्यांत, मध्ये महिनाभर ठेवून जावं. फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: एका होडीत शिकणारे किती, उलटलेली होडी सरळ करण्याचा सराव पहिल्या दिवशी होतो का, आणि अभ्यासक्रम संपल्यावर सरावासाठी होडी भाड्याने मिळते का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी जागा शोधावी.