क्लाउन लोच आडवा पडलाय? आधी कल्ले बघा

आज बोलूया क्लाउन लोचबद्दल. नारिंगी अंग, तीन काळे पट्टे, मूळचा सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांमधला. हा मासा चक्क कुशीवर आडवा पडून झोपतो. नवख्या माणसाला वाटतं, गेला! टकटक आवाज काढणं, भांडताना रंग फिका पडणं, हेही त्याचं नेहमीचंच.

मग आजारी कधी समजायचं? तीन गोष्टी बघा. कल्ले भराभर हलतायत? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत? नीट खाऊनही पाठ खंगत चाललीय? खंगत असेल तर पोटात कृमी असू शकतात. ठिपके म्हणजे इक, आणि लोचला तो पटकन होतो.

इकचा परजीवी कातडीत असेपर्यंत औषधाला दाद देत नाही; सुटून पाण्यात पोहायला लागला की मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवायचं नाही. पण लोचचे खवले अगदी बारीक, त्यामुळे औषध त्याला लवकर बाधतं. बाटलीवर त्याच्यासाठी वेगळा डोस दिलाय का, ते आधी वाचा. नुसता आडवा दिसला म्हणून औषध ओतलंत, तर ठणठणीत मासा हातचा जाईल.